करसवलत खरी, पण कोणाला?



अमेरिकेतल्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटवरचे गेल्या अंकातले पत्र वाचले. प्रत्येकाने हे खाते डोळे झाकून उघडावे, हा त्यातला सल्ला मला पटत नाही. पैसे भरताना, ते वाढताना आणि औषधपाण्यासाठी काढताना केंद्राचा कर नाही, शिल्लक बुडत नाही, नोकरी बदलली तरी खाते आपलेच, हे सारे खरे. पण त्यासाठी मोठ्या डिडक्टिबलचा विमा घ्यावा लागतो. 2025 साली कुटुंबासाठी ते किमान 3,300 डॉलर होते. म्हणजे मुलाचा हात मोडला, की इमर्जन्सी रूम, एक्स-रे, प्लास्टर यांचे बिल तेवढ्या रकमेपर्यंत आपणच भरायचे. गाठीला पैसा नसलेली माणसे मग डॉक्टरकडे जाणेच लांबणीवर टाकतात, आणि मला काळजी त्यांची वाटते.

शिवाय इथे न्यू जर्सीत राज्याचा कर या खात्यात भरलेल्या रकमेवर लागतोच, कॅलिफोर्नियातही. भारतात राहणाऱ्या आईवडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी यातले पैसे काढले, तर पासष्टीच्या आत कर भरावा लागतो, वर 20 टक्के दंड. मधुमेहाची औषधे चालू असलेल्या किंवा बाळंतपण जवळ आलेल्या घराने आधी मोठ्या आणि कमी डिडक्टिबलच्या अशा दोन्ही विम्यांचा वर्षभराचा हिशेब कागदावर मांडावा.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी