सराफ्याची कसोटी आणि प्रवासाचा खाऊ



घरचे माणूस परगावाहून परतले की मुले प्रथम त्याच्या पिशवीकडे पाहतात आणि मग त्याच्या तोंडाकडे. त्यात मुलांचा काही दोष नाही. 'काय आणलेस?' या प्रश्नात 'तिकडे असताना आमची आठवण ठेवलीस ना?' हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. म्हणूनच प्रवासातून आणलेला खाऊ वजनाने थोडका असला, तरी घरात त्याचा मान मोठा. आपल्या गावांतील पुष्कळ कुटुंबे आता नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरेकडे जातात आणि आग्रा पाहून येताना ग्वाल्हेरलाही उतरतात. तेव्हा त्या गावचा खाऊ कोणता, आणि मुख्य म्हणजे तो पारखावा कसा, याविषयी आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

ग्वाल्हेर हे मराठी माणसाला परके गाव नव्हे. 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचेच शहर झाले आणि त्याला नावही 'लष्कर' हेच राहिले. दौलतगंज, पाटणकर बाजार, फालके बाजार, चिटणीस की गोठ ही तेथील वस्त्यांची नावे कानी पडली, म्हणजे आपण नर्मदा ओलांडून आलो आहोत याचा क्षणभर विसर पडतो. या लष्करात महाराज बाडा नावाचा मोठा चौक आहे आणि त्याला लागूनच सराफा बाजार. वर दगडी नक्षीचे झरोके, खाली सोन्याचांदीच्या पेढ्या, असा त्याचा थाट. इंदूरच्या सराफ्याची गोष्ट निराळी. तेथे रात्री पेढ्या मिटल्या की त्याच रस्त्यावर खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. ग्वाल्हेरचा सराफा मुख्यत्वे सोन्याचांदीचाच आहे. खाण्यापिण्यासाठी लष्करच्या इतर गल्ल्यांतून हिंडावे लागते.

सकाळी या गल्ल्यांत बेडई तळली जाते. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचे मसालेदार पुरण भरलेली, कचोरीच्या जातीची पुरी. तिच्याबरोबर बटाट्याची झणझणीत रस्साभाजी आणि वर गरम जिलबी. ही न्याहारी तेथेच बसून करावी. बांधून आणली तर तिचा चामट तुकडा होतो. नया बाजारातील 'बहादुरा' या जुन्या दुकानाचे बुंदीचे लाडू देशभर प्रसिद्ध झाले, ते अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. वाजपेयींचा जन्म ग्वाल्हेरचाच, 25 डिसेंबर 1924 चा, म्हणजे ऐन नाताळच्या दिवसाचा. पंतप्रधान झाल्यावरही त्यांची या लाडवांची आवड कायम होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु पिशवीत घालून गावी आणण्याजोगा खरा खाऊ म्हणजे गजक.

गजक हा आपल्या तिळगुळाचाच उत्तरेकडील भाऊ. मात्र त्यामागे मेहनत मोठी. गुळाचा किंवा साखरेचा पाक शिजवून थोडा निवू देतात. मग तो खुंटीला अडकवून पुनःपुन्हा ओढतात. ओढता ओढता त्यात हवा शिरते, त्याचा रंग फिकट होतो आणि अंगी खुसखुशीतपणा येतो. नंतर तो गरम असतानाच भाजलेल्या तिळांत मिसळून लाकडी मोगरीने कुटतात, घडी घालतात आणि पुन्हा कुटतात. म्हणून उत्तम गजक दाताखाली पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. ग्वाल्हेरच्या उत्तरेस असलेला मुरैना जिल्हा या कामात सर्वांत नावाजलेला आहे. तेथील लोक या गुणाचे श्रेय चंबळच्या पाण्याला देतात. परंतु कोरड्या थंडीचे श्रेयही त्याहून कमी नसावे. पाक हवेतील ओल शोषून घेतो. पावसाळ्यात तो मऊ पडतो आणि गजकेचा कुरकुरीतपणा जातो. म्हणून हा खाऊ हिवाळ्याचा. कारागीर ऐन थंडीत भट्टीच्या धगीपाशी उभा राहून मोगरी चालवतो, तेव्हा कोठे आपल्या पिशवीत तो पुडा येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मुरैनाच्या गजकेचे नाव झाले तसे ते नाव सर्वत्र विकले जाऊ लागले. दूरच्या शहरांतील दुकानांत, आगगाडीच्या फलाटांवर, ऐन पावसाळ्यातही 'मुरैनाची गजक' मिळते. त्यातील काही खरी असते. काहींनी मुरैना नकाशावरदेखील पाहिलेले नसते. गिऱ्हाइकाने दाम मोजले ते त्या गावाच्या नावासाठी. परंतु त्या दामातील एक पैसाही त्या गावच्या मोगरीपर्यंत पोहोचला नाही, तर हानी दोघांची झाली. गिऱ्हाईक फसले आणि कारागीर उपाशी राहिला. गोड पदार्थाच्या आवरणाखाली झाली म्हणून लबाडी गोड होत नाही.

येथे सराफा आपल्याला काही शिकवू शकतो. सोने पिवळे दिसते एवढ्यावर कोणी त्याचे मोल देत नाही. सराफ काळ्या दगडावर दागिना घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून कस पाहतो. त्या दगडाला आपण कसोटी म्हणतो आणि तोच शब्द माणसाच्या परीक्षेलाही लावतो. केवळ दगडावर विसंबून भागत नाही, म्हणून सरकारने हॉलमार्क आणला. जून 2021 पासून अनेक जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. आता दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात : मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि त्या एकाच दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तोळाभर सोने घेताना आपण या तिन्ही खुणा डोळ्यांजवळ नेऊन पाहतो. मग पावशेर खाऊ घेताना डोळे मिटून का घ्यावा?

गावाच्या नावालाही हॉलमार्कासारखी एक खूण आहे. तिला भौगोलिक मानांकन म्हणतात. तिचा कायदा 1999 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2003 मध्ये अंमलात आला. आपल्या देशात पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. चंदेरी साडीला हे मानांकन 2005 मध्ये मिळाले, गोव्याच्या काजूफेणीला 2009 मध्ये, आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये आणि मुरैनाच्या गजकेला 2023 मध्ये. ही नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे नवी करता येते. कायद्याने असे कुंपण घातले हे चांगलेच झाले. पण कुंपणापाशी उभा राहणारा राखणदार म्हणजे गिऱ्हाईक. त्यानेच डुलकी घेतली, तर कुंपण असून नसल्यासारखे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा आहे असे नाही. जपानात प्रवासाहून परतताना शेजाऱ्यांसाठी आणि कचेरीतील सोबत्यांसाठी त्या त्या गावचा खाऊ आणण्याची रीत फार दृढ आहे. त्या भेटीला ते 'ओमियागे' म्हणतात आणि तो शब्द लिहिताना जी चिन्हे वापरतात, त्यांचा अर्थ 'माती' आणि 'उपज' असा होतो. मातीतून उपजलेले ते भेट म्हणून आणावे, असा त्यातील भाव दिसतो. तेथील समुद्रकाठच्या लहान गावांतही मासळीचे सुके पदार्थ, मिठाई आणि तांदळाची साके नावाची मदिरा गावच्या नावाने विकली जाते. साके गाळणारे लोक आपल्या वळचणीला देवदाराच्या हिरव्या डहाळ्यांचा गोल चेंडू टांगतात. नवी साके तयार झाली की तो हिरवा असतो. महिने लोटतात तसा तो तपकिरी होत जातो आणि आतील मद्य किती मुरले आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळते. वस्तू केव्हाची आहे हे उघड सांगण्याची ही रीत मला फार आवडते. 2015 मध्ये त्या सरकारने जपानी तांदळापासून, जपानातच तयार झालेल्या मद्यालाच 'निहोन्शू' म्हणजे 'जपानी मद्य' म्हणता येईल, असेही ठरवून दिले.

मद्याचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आपल्या देशातही मातीची अशी पेये आहेत. मध्य प्रदेशातील आदिवासी मोहाची फुले पहाटे वेचतात, वाळवतात आणि त्यांची दारू गाळतात. गोव्यात काजूची बोंडे चिरडून, रस आंबवून, आधी हुर्राक आणि मग फेणी गाळतात. यात कसब आहे, ऋतूचे ज्ञान आहे, आणि ते करणाऱ्यांचे पोट त्यावर आहे. त्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीपण ज्या घरातील कर्त्याने बाटलीपायी चूल विझवली आहे, त्या घरी 'गावची खास वस्तू' म्हणून बाटली नेणे ही भेट नव्हे, घात आहे. भेट देणाऱ्याने वस्तूचा उगम पाहावा तसा तिचा शेवटही पाहावा. शिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मद्य नेण्यास कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानी असू द्यावे.

मग सामान्य कुटुंबाने कसोटी कोणती वापरावी? हॉलमार्काच्या तीन खुणांप्रमाणे तीन प्रश्न पुरेत : कोठे, केव्हा आणि कोणी. ही वस्तू कोठे तयार झाली? पुड्यावर मोठ्या अक्षरांत असते ते गाव नव्हे, खाली बारीक अक्षरांत कारखान्याचा पत्ता असतो तो वाचावा. ती केव्हा तयार झाली? गजक श्रावणात खुसखुशीत म्हणून कोणी विकू लागला, तर विचारावे. आणि ती कोणी केली? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि आपण तोच सर्वांत कमी विचारतो.

चंदेरी साडीचे उदाहरण घ्या. चंदेरी हे गाव पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. आज ते अशोकनगर जिल्ह्यात आहे. आपल्याकडील कित्येक आजींच्या पेटीत लग्नाची एक चंदेरी जपून ठेवलेली असते. तिच्यावरील नाण्यासारख्या गोल बुटीला अशर्फी बुटी म्हणतात. जणू सराफ्यातील मोहरच वस्त्रावर येऊन बसली! हातमागावर प्रत्येक बुटीसाठी विणकर निराळी छोटी कांडी फिरवतो. यंत्रमागावरील नकलेत बुटीचे धागे पाठीमागे लांब सुटतात आणि ते कातरून टाकावे लागतात. साडी उलटून पाहिली की पुष्कळदा खरे-खोटे तेथेच कळते. पुढची बाजू दुकानदार दाखवतो. मागची बाजू आपण मागून पाहायची असते. स्वस्तातली नक्कल घेऊ नये असे मी म्हणत नाही, ज्याची त्याची ऐपत निराळी. परंतु नक्कल ती नक्कल म्हणूनच घ्यावी आणि नक्कल म्हणूनच द्यावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या घराजवळची. वसईच्या पट्ट्यात, विशेषतः आगाशीकडे, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवण्याची जुनी रीत आहे. या सुकेळीची वाखाणणी इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही झालेली आहे. दिवसा उन्हात घालायची, सांजेला आत घ्यायची, माश्या-पाखरांपासून राखायची, असे कित्येक दिवस चालते तेव्हा मधाच्या रंगाचे सुकेळे तयार होते. वाड्या तुटल्या, राजेळीची लागवड घटली, हे काम जाणणारे हात म्हातारे झाले. परगावचा पाहुणा आला की आपण त्याच्यापुढे शहरातून आणलेला बिस्किटांचा पुडा ठेवतो आणि मागच्या परसात मोठीआई सुकेळी वाळवीत असते! ग्वाल्हेरला जाणाऱ्या माणसाने तेथून गजक जरूर आणावी. परंतु जाताना त्याच पिशवीत सुकेळीचा एक पुडा घालावा आणि ज्याच्या घरी उतरेल त्याच्या हाती द्यावा.

तो विचारील, 'हे कोठले, केव्हाचे, कोणी केले?' तेव्हा आपल्याला तिन्ही उत्तरे तोंडपाठ हवीत. गावाचे नाव, वाळवण्याचा महिना आणि त्या माउलीचे नाव. ती ठाऊक नसतील, तर निघण्यापूर्वी तिच्या परसात एकदा जाऊन यावे, तिच्याशी दोन घटका बोलावे आणि मालाचे दाम घासाघीस न करता तिच्या हातावर ठेवावेत.