कौल अस्पष्ट असला, तरी निकष स्पष्ट हवा

निवडणुकीचा पडघम वाजू लागला, प्रचाराची पातळी घसरली, की सामान्य नागरिकाची दृष्टी आपोआप राष्ट्रपती भवनाकडे वळते. राष्ट्रपतींनी बेताल पुढाऱ्यांना समज द्यावी, सरकारच्या मनमानीला आवर घालावा, असे त्याला मनापासून वाटते. राज्यकर्त्याच्या वर धर्माचा अंकुश असावा, हा संस्कार या मातीत खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे ही अपेक्षा अस्वाभाविक नाही. परंतु ती घटनेला धरूनही नाही.

निवडणुकांचे नियंत्रण कलम ३२४ ने निवडणूक आयोगाकडे सोपविले आहे. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे आहे. लोकसभा विसर्जित झाल्यावरही या बंधनातून त्यांची सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली यू. एन. आर. राव प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार तेवढा दिला. ऑगस्ट २००२ मध्ये उमेदवारांनी द्यावयाच्या माहितीसंबंधीचा अध्यादेश डॉ. अब्दुल कलाम यांनी वाजपेयी सरकारकडे परत धाडला. मंत्रिमंडळाने तो पुन्हा पाठविताच त्यांनी स्वाक्षरी केली. मर्यादा आणि कर्तव्य या दोहोंचे भान त्यात होते.

मात्र एक क्षण असा येतो, की जेव्हा राष्ट्रपतींचा निर्णय खरोखर त्यांचा स्वतःचा असतो. कोणालाही बहुमत नसेल, तर प्रथम कोणाला पाचारण करावे? घटना येथे मौन बाळगते आणि आजवरचे पायंडे परस्परांशी जुळत नाहीत. १९७९ साली मोरारजी देसाई यांच्या राजीनाम्यानंतर नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना विचारणा केली. ते जमले नाही, तेव्हा चरणसिंग यांना शपथ दिली. सभागृहाला सामोरे न जाताच त्यांनी राजीनामा दिला. तरीही जगजीवनराम यांचा दावा बाजूला ठेवून लोकसभा विसर्जित झाली आणि एकदाही विश्वासमत न मिळविलेले सरकार जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू म्हणून राहिले. त्या निर्णयाविषयीची कटुता दीर्घकाळ टिकली.

१९८९ मध्ये आर. वेंकटरमण यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून राजीव गांधी यांना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंग आले. १९९६ मध्ये डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी याच न्यायाने १६१ जागा जिंकणाऱ्या भाजपाच्या अटलबिहारी वाजपेयी यांना बोलावले. ते सरकार १३ दिवस टिकले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी मात्र आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. प्रत्येकाची भूमिका समर्थनीय ठरू शकेल. पण व्यक्ती बदलताच फूटपट्टी बदलावी, हे राष्ट्राला परवडणारे नाही.

२०२४ मध्ये भाजपा २४० जागांवर थांबला, तरी निवडणूकपूर्व आघाडीला बहुमत असल्याने पेच उद्भवला नाही. दर वेळी असे सुदैव लाभेलच असे नाही. राज्यपालांसाठी सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात पसंतीक्रम सुचविला होता : निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, त्यानंतर निवडणुकोत्तर आघाडी. राष्ट्रपतींच्या बाबतीतही असाच क्रम सर्व पक्षांनी आजच, शांततेच्या काळात, मान्य करावयास हवा. पूर आल्यावर बांध घालता येत नाही.

जनतेने राष्ट्रपतींकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. निर्णय पूर्वघोषित निकषावर व्हावा, त्याची कारणे देशाला कळावीत आणि बहुमताची परीक्षा लवकरात लवकर सभागृहातच व्हावी, एवढी अपेक्षा मात्र तिने अवश्य ठेवावी. राष्ट्रपतिपदाची प्रतिष्ठा त्यातच सुरक्षित आहे आणि मतदाराच्या कौलाचा मानही!