लिंबायतला शिंपले कुठून आणायचे?

गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण असण्याची अट लागली आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवाटिका आल्या. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीकडच्या मराठी शाळांतल्या शिक्षिकांना प्रश्न पडला : वर्षभर शिकवायचे काय? बऱ्याच ठिकाणी सोपी वाट निघते, पहिलीचे पुस्तक वर्षभर आधी उघडायचे. लूमवर पाळी करून आलेल्या बापालाही पाटीवरचा ‘क’ दिसतो, खेळातले गणित दिसत नाही. त्याचे एक वेळ समजू शकते, आपले नाही.

पायाभूत स्तराचा २०२२चा राष्ट्रीय आराखडा तीन ते आठ वर्षांचा टप्पा सलग मानतो. खेळ आणि घरची भाषा यांवर भर देतो. मराठी बालशिक्षणाला यात नवे काय आहे? भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंसोबत मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, खडे, पाने यांवर मोजणी, जुळवणी सुरू झाली. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली.

लिंबायतला शिंपले नाहीत, पण सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, साडीच्या लेसचे तुकडे, चिंध्या हव्या तेवढ्या. लेस लांबीप्रमाणे लावता येते, कोन रचून मोजता येतात. डोळे बांधून स्पर्शाने कापड जुळवण्याचा खेळ तर खुद्द मॉन्टेसरीबाईंचा. त्याचे सामान इथे फुकट मिळते. (साडीवर चिकटवायचे खडे आणि टिकल्या मात्र दूरच ठेवा. लहान पोर त्या हमखास नाकात घालते.)

अवघड भाग भाषेचा आहे. शाळा मराठी माध्यमाची म्हटली की घरच्या भाषेचा प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. खानदेशातून आलेल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी-गुजराती, आणि बाई बोलतात पुस्तकी मराठी. मूल गप्प बसते. आपण त्याला ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतो. पहिले काही महिने मुलाने अहिराणीत सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी कागदावर उतरवा आणि त्यालाच वाचून दाखवा. मध्ये दुरुस्ती करू नका.

अशा गोष्टी आमच्याकडेही पाठवा, अहिराणीतच. पुढच्या अंकापासून त्यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवत आहोत.