बैलाचा गुडघा कोठें असतो ?

बैलाच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा वळतो, असा समज आम्हांस घरोघरीं आढळतो. ज्यास आपण गुडघा म्हणतों ती त्याची टांच होय. खरा गुडघा वर, पोटालगत आहे. बैल जन्मभर बोटांच्या टोकांवर उभा असतो !

गाडा ओढण्याचें मुख्य बळ जूं वाहणाऱ्या मानेंत नसून पुठ्ठ्याच्या व मांडीमागच्या स्नायूंत आहे. ते मांडी मागें ओढतात, आणि खूर भूमींत रोवलेला असल्यामुळें धड पुढें सरकतें. पोटरीचा स्नायू दोरासारख्या बळकट कंडरेनें टांचेच्या हाडास बांधलेला असतो. टांचेखालीं मांस जवळजवळ नाहींच. कातडें, कंडरा आणि हाड. भार असा वर राहिल्यानें पाय उचलण्यास श्रम कमी पडतात.

म्हणूनच चढणीवर अडलेल्या बैलाच्या नळीवर काठी हाणणें आम्हांस निर्दयपणाइतकेंच अडाणीपणाचें वाटतें. तेथें मार सोसणारें मांस नाहीं. कंडरा तुटली तर तो पाय कामांतून गेलाच. (मांडीवर मारावें असें आमचें म्हणणें नाहीं, हें सांगणें नलगे.) ज्यांच्या घरीं बैल आहेत अशा पालकांनीं मुलांचा हात धरून त्या पायावरून वरून खालीं एकदां फिरवावा, बैल मात्र ओळखीचा असावा.