विद्यापीठाची निवड आणि घरचा जमाखर्च

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, सामाईक प्रवेश परीक्षांचे निकाल त्याच्या मागोमाग येतात, आणि तुकोबांची पालखी अकलूजचे रिंगण आटोपून माळीनगरमार्गे श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून बोरगावकडे जाते त्या आषाढाच्या दिवसांत या टापूतील पुष्कळ घरांमध्ये वारकऱ्यांच्या पंक्तीची तयारी आणि मुलामुलींच्या प्रवेशाची धावपळ ही दोन्ही कामे एकाच वेळी चाललेली असतात. कोणत्या विद्यापीठात जावे, सोलापूर बरे की पुणे, सरकारी संस्था मिळाली नाही तर खासगी विद्यापीठाचे लाखांचे शुल्क भरावे की एक वर्ष थांबावे, या प्रश्नांचा खल ओसरीवर होतो, कारखान्याच्या गेटवर होतो आणि उसाच्या पुढच्या हप्त्याची तारीख काय, या चौकशीशीही तो जोडला जातो. या खलामध्ये शुल्काच्या आकड्याला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे विद्यार्थी तेथे राहणार कोठे आणि जेवणार काय याला दिले जात नाही, आणि विद्यापीठाची निवड बहुधा याच ठिकाणी चुकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

श्रीपूरच्या माणसाला विद्येचे मोल पटवून देण्याची आवश्यकता नाही. कारण हे गावच मुळी विद्येच्या आणि उद्यमाच्या संयोगातून वाढले. भाटघरचे धरण पुरे होऊन नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या माळरानावर खेळू लागले, १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली, त्या मंडळीने येथे कारखाना उभा केला, आणि पुढच्या काळात पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या रूपाने सहकारही येथे नांदू लागला. साखरेचे रसायन, बाष्पयंत्राची विद्या आणि जमिनीची व पाण्याची परीक्षा यांवाचून असे गाव एक हंगामही चालत नाही. एवढेच नव्हे, तर आज ज्या ‘को ८६०३२’ वाणाने महाराष्ट्रातील उसाचे फड व्यापले आहेत, तो वाण १९९६ साली या राज्यासाठी प्रसारित केला तो पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने. आणि हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठाचे अंग आहे. ज्या विद्यापीठात घरातील कोणी पाऊल टाकलेले नाही, त्याच्या संशोधनाचे पीक आपल्या फडात वर्षानुवर्षे उभे आहे, ही गोष्ट सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे स्वस्तातली शाळा असे मानणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

सोलापूर जिल्ह्याच्या पदवीधरांच्या तीन पिढ्यांकडे पाहिले, तर त्यांच्या प्रमाणपत्रांवर चार विद्यापीठांच्या मुद्रा आढळतील. १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले तेव्हा सोलापूर मुंबई विद्यापीठाकडे होते; १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तिकडे गेले; १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि पुढची चार दशके गुणपत्रिकेतील एक आकडा दुरुस्त करून घेण्यासाठीही आमच्या विद्यार्थ्याला पंचगंगेच्या काठापर्यंत हेलपाटा घालावा लागला. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ कसे तग धरणार, अशी शंका त्या वेळी जाणत्यांनीही काढली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु सोलापूरजवळच्या केगावच्या माळावर ते रुजले, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ते ओळखले जाते, आणि आपल्या जिल्ह्यातच आपले विद्यापीठ असणे म्हणजे काय, हे श्रीपूरच्या आजच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे अठराव्या वर्षी विद्यार्थी विद्यापीठ निवडतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तो महाविद्यालय निवडतो. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरविते, परीक्षा घेते व पदवी देते, आणि विद्यापीठाच्या आवारातील विभागांत पाऊल पडते ते बहुधा पदवीनंतर, पदव्युत्तर शिक्षणासाठी. तेव्हा पहिल्या तीन-चार वर्षांसाठी अकलूज, पंढरपूर वा सोलापूर येथील महाविद्यालयाची परीक्षा करावयाची, आणि विद्यापीठाच्या विभागाची परीक्षा त्यानंतर, असा हा दुहेरी विचार आहे. गावातल्या पहिल्याच पदवीधराच्या घरी हा भेद कोणी समजावून सांगत नाही, आणि मग पुण्याचे नाव गुणपत्रिकेवर यावे एवढ्यासाठी एखाद्या अप्रसिद्ध महाविद्यालयात, खोलीभाडे भरून, मुलाला ठेवले जाते.

आता शिष्यवृत्तीचा विचार करू. सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा शेवटचा निर्णय आम्ही अलीकडच्या काळातील फार मोलाचा निर्णय मानतो. मात्र त्याच्या कक्षेत अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. रस्त्याकडेच्या फलकांवरील हसरे चेहरे पाहून व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने मुलीचे नाव घालणाऱ्या पित्याला ही अट पैसे भरल्यानंतर कळते, तेव्हा ती कळून उपयोग नसतो.

या सवलतींचा मार्ग मात्र कागदपत्रांतून जातो, आणि तो मार्ग जवळून पाहावा. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल त्याला नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, आणि हे सारे महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर चढविल्यानंतर महाविद्यालयाच्या कारकुनाची मंजुरी; यांपैकी एका कागदावर आडनावाची वेलांटी निराळी पडली, तर अर्ज परत येतो. ज्या आईने दोन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडवून सेतू केंद्राच्या ओळीत उभे राहायचे, तिच्या दृष्टीने त्या परत आलेल्या अर्जाची किंमत आणखी दोन दिवसांची मजुरी असते. एवढे करून रक्कम मंजूर झाली तरी ती हाती पडते केव्हा, हा प्रश्न उरतोच. सत्र संपून परीक्षा तोंडावर आली तरी हप्ता आलेला नाही, आणि तोवर शुल्काची बाकी दाखवून परीक्षेचा अर्ज अडविला जातो, अशा तक्रारी दरवर्षी येतात. पालकांनी शिष्यवृत्ती जमेच्या बाजूस अवश्य मांडावी, परंतु पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी तिच्या भरवशावर राहू नये, असे आम्हांला खेदाने सांगावे लागते.

आणि शुल्क पूर्ण माफ झाले, वेळेवर माफ झाले, असे धरले तरी शिक्षणाचा खर्च संपला असे होत नाही. सोलापुरात किंवा पुण्यात कॉटबेसिसवर घेतलेली जागा, त्या जागेची अनामत, दोन वेळची मेस, एसटीचा पास, पुस्तके, प्रकल्पाचे साहित्य, आणि महिन्यातून एकदा गावी येणे यांची बेरीज कोणत्याही सार्वजनिक महाविद्यालयाच्या शुल्काहून सहज अधिक होते. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना निघाली, आणि मजूर व अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्त्याची योजना निघाली. परंतु भत्ता ही वसतिगृहाची उणीव भरून काढण्याची तजवीज आहे. ती वसतिगृहाची जागा घेऊ शकत नाही. भत्त्याच्या पैशांत भाड्याची खोली मिळेल, पण अभ्यास करणारा शेजारी, रात्री उघडे असलेले वाचनालय आणि आजारपणात विचारपूस करणारा अधीक्षक मिळणार नाही.

महाराष्ट्रातील ज्या पुरुषांनी बहुजनांच्या शिक्षणाचा पाया घातला, त्यांना हे तत्त्व आमच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिजमातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी केली. खेड्यातला मुलगा शहरात राहू शकल्याशिवाय शाळेचे दार त्याला उघडे असूनही बंदच आहे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू महाराजांच्याच नावाचे वसतिगृह काढले आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयापर्यंत नेली. याहूनही आमच्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी घटना आमच्या सोलापुरात घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील अध्ययन पुरे करून आले, २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली, आणि त्या सभेच्या आरंभीच्या विधायक कार्यांतील एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे काढलेले माध्यमिक विद्यार्थ्यांचे वसतिगृह होय. बाबासाहेब स्वतः बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले होते. शिष्यवृत्तीचे सामर्थ्य त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही कार्यास आरंभ करताना त्यांनी मुलांच्या निवाऱ्याची आणि अन्नाची सोय आधी पाहिली, या गोष्टीला आमच्या लेखी फार मोठा अर्थ आहे. ते वसतिगृह निघाल्याला शंभर वर्षे उलटून गेली, आणि शंभर वर्षांनंतरही माळशिरस तालुक्यातला विद्यार्थी सोलापुरात खोली शोधत हिंडतो.

अध्यापनाचा दर्जा कसा ओळखावा, याविषयी पालक आम्हांला विचारतात. मानांकनाची अक्षरे आणि नोकऱ्यांचे छापील आकडे यांच्यावर विसंबण्यापेक्षा एखाद्या कामाच्या दिवशी, पूर्वसूचना न देता, त्या महाविद्यालयात जाऊन यावे, असे आमचे सांगणे असते. विभागात मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, आणि तासिका तत्त्वावर शिकविणारे किती, हे विचारावे. प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः उपकरण हाताळतो की टेबलाभोवती उभा राहून पाहतो, ते पाहावे. ग्रंथालय सायंकाळी किती वाजता बंद होते ते दारावर वाचावे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांमध्ये प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, हे उघड दुखणे आहे. वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला बुद्धिमान तरुण शिक्षक कितीही तळमळीने शिकवीत असला, तरी पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्याला संशोधनाची दिशा कशी द्यावी? सरकार एका हाताने शुल्क माफ करीत असेल आणि दुसऱ्या हाताने पदभरती रोखून धरीत असेल, तर विद्यार्थिनीला फुकट मिळते ती रिकामी खुर्ची.

महाविद्यालयाबाहेरच्या जीवनाला आमच्या घरांतून चैन समजले जाते, आणि ते आम्हांला मान्य नाही. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोज कानी पडते. विणकरांच्या वस्तीतील पद्मशाली मुलगा, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मुलगी आणि श्रीपूरच्या ऊस वाहतूकदाराचा मुलगा एका बाकावर बसतात, एका राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात भाकऱ्या भाजतात, एका वादविवाद स्पर्धेसाठी रात्र जागवितात. चार भाषांच्या या सहवासाची संधी मोठ्या शहरातील उंच इमारतींत पैसे भरूनही मिळेलच असे नाही. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाचा प्रश्न हाच शिक्षणाचा प्रश्न आहे. शुल्क माफ झाले, गुण भरपूर आहेत, प्रवेश लागला आहे, आणि तरीही ‘राहायची सोय चांगली नाही’ या एका वाक्याने मुलीचे नाव जवळच्या, तिला नको असलेल्या अभ्यासक्रमाला घातले जाते. ही सबब म्हणून उडवून लावू नये. ती आईची रास्त काळजी आहे, आणि तिचे निवारण करणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे.

तेव्हा आमचा कौल सार्वजनिक विद्यापीठाच्या बाजूने आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. पुण्याच्या वा कोल्हापूरच्या एखाद्या विभागात आपल्या विषयाचे खरोखर नामांकित अध्यापक असतील, तर जिल्ह्याचा अभिमान आड न आणता मुलाला तिकडे पाठवावे. परंतु केवळ शहराच्या नावासाठी एकर-अर्धा एकर गहाण टाकून खासगी विद्यापीठाचा रस्ता धरण्यापूर्वी केगावला आणि कोल्हापूरला एकदा जाऊन यावे. सरकारकडे आमची मागणी अशी की प्रवेशाच्या पत्रावरच वसतिगृहातील जागेचा निर्णय विद्यार्थ्याला कळावा, आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पहिल्या सत्राची परीक्षा होण्यापूर्वी खात्यावर जमा व्हावा. तो झाला नाही तर शुल्काची बाकी दाखवून कोणाचाही परीक्षेचा अर्ज अडविता येणार नाही, असा हुकूम निघावा. आणि सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम माळशिरस तालुक्याच्या हाती आहे. टनामागे काही रक्कम शिक्षणाच्या कामासाठी कापून घेण्याची रीत सहकारी कारखानदारीला नवीन नाही. या भागातील कारखान्यांनी एकत्र येऊन सोलापुरात तालुक्याच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि प्रथम विद्यार्थिनींसाठी, एक वसतिगृह बांधावे. कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात आणि विषयपत्रिका त्याआधी सभासदांच्या हाती पडते. यंदाच्या विषयपत्रिकेवर हा ठराव यावा, यासाठी सभासदांनी आजच लेखी मागणी करावी.