काचेचा भाव आणि काचेचा स्वभाव

सोन्याचा दागिना घेताना आपण हॉलमार्क पाहतो, हिरा घेताना प्रमाणपत्र मागतो, कापड घेताना पोत बोटांनी चाचपून पाहतो. दुर्बिणीचे भिंग मात्र या तिन्ही सवयींना दाद देत नाही. त्याच्या काचेवर शिक्का नसतो, ती नळीच्या तोंडाशी घट्ट बसवलेली असते, आणि स्वस्त व महाग दोन्ही दुर्बिणींतील काच दिवसाउजेडी सारखीच निर्मळ दिसते. तरीही रात्री दोन्ही दुर्बिणी गुरूवर रोखल्या, तर एकीत ग्रहाभोवती जांभळट वलय उमटते आणि दुसरीत तो आपल्या फिकट पिवळसर रंगात स्वच्छ दिसतो. हा फरक कोठून येतो, त्यासाठी अधिक पैसे मोजावेत काय, आणि मोजायचे तर कशाच्या आधारावर, याचा विचार येथे करू.

मूळ अडचण अशी की, पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून झालेला असतो आणि काच हे सर्व रंग सारखेच वळवीत नाही. जांभळा व निळा अधिक वळतो, तांबडा कमी. म्हणून एकाच भिंगातून गेलेला निळा प्रकाश भिंगाजवळ एकवटतो, तर तांबडा किंचित पुढे जाऊन. यालाच वर्णविपथन म्हणतात. प्रत्येक काच रंगांना किती फाकवते, हे सांगणारा एक अंक असतो. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांच्या नावाने तो ओळखला जातो. अंक जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. नेहमीच्या क्राउन काचेचा ॲबे अंक सुमारे ६४, तर शिसे घातलेल्या जड फ्लिंट काचेचा सुमारे ३६. केवळ क्राउन काचेच्या एका भिंगाचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर असेल, तर निळा आणि तांबडा यांच्या नाभींमध्ये १००० भागिले ६४, म्हणजे सुमारे १५.६ मिलिमीटर अंतर पडते. एका रंगावर दुर्बीण जुळवली की दुसरा विस्कटतो.

सतराव्या शतकातील ज्योतिर्विदांनी यावर एकच उपाय शोधला होता, तो म्हणजे लांबी. नाभीय अंतर जितके लांब, तितका प्रकाशाचा शंकू निमुळता होतो आणि रंगांचा पसारा प्रतिमेच्या मानाने लहान राहतो. डान्झिगच्या हेवेलियसने सुमारे ४६ मीटर लांबीची दुर्बीण उभारली होती. ती दोरखंड व खांबांच्या आधाराने वर चढवावी लागे आणि थोड्या वाऱ्यानेही हलत असे. न्यूटनने लोलकाचे प्रयोग करून रंग फाकतात कसे हे दाखवले. परंतु सर्व पदार्थ प्रकाश जितका वळवतात त्याच प्रमाणात रंगही फाकवतात, असा त्याचा समज झाला. तसे असते तर भिंगाच्या दुर्बिणीवर इलाज नव्हता. म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण तयार केली. एवढ्या मोठ्या माणसाचे मत असल्याने पुढे कित्येक दशके फारच थोड्यांनी या प्रश्नाला हात घातला.

तो हात घातला चेस्टर मूर हॉल या इंग्लिश वकिलाने. क्राउन काचेचे बहिर्वक्र भिंग आणि फ्लिंट काचेचे अंतर्वक्र भिंग एकत्र ठेवले तर एकाने फाकवलेले रंग दुसरे परत जुळवील, हे त्याने ओळखले आणि १७३३ च्या सुमारास अशी दुर्बीण करवून घेतली. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगांचे काम दोन वेगळ्या कारागिरांना दिले. परंतु दोघांनीही ते जॉर्ज बास या एकाच कारागिराकडे सोपवले आणि बासला कळून चुकले की दोन्ही भिंगे एकाच गिऱ्हाइकाची आहेत, असे सांगितले जाते.

या जोडीमागील हिशेब व्यापारी मनाला सहज पटण्यासारखा आहे. समजा, आपल्याला भिंगाची निव्वळ शक्ती १ हवी आहे. दोन्ही काचांच्या अंकांतील फरक ६४ वजा ३६, म्हणजे २८. क्राउन भिंगाला ६४ भागिले २८, म्हणजे सुमारे २.२९ शक्ती द्यावी लागते आणि फ्लिंट भिंगाला ३६ भागिले २८, म्हणजे सुमारे १.२९, पण उलट्या दिशेने. जमा २.२९, नावे १.२९, शिल्लक १. आता रंगांचा दोष पाहा. क्राउनचा दोष २.२९ भागिले ६४, फ्लिंटचा १.२९ भागिले ३६. दोन्ही भागाकार सुमारे ०.०३५७ येतात आणि दिशा परस्परविरुद्ध असल्याने एकमेकांना खोडून काढतात. शक्ती उरते, दोष जातो. यालाच अवर्णी भिंग म्हणतात.

मात्र येथे एक बारीक गोम आहे. वर्षाअखेरीस जमाखर्चाची बेरीज जुळली, म्हणून प्रत्येक महिन्याचा मेळ बसलाच असे होत नाही. तसेच या काचांचे आहे. निळा आणि तांबडा एका नाभीत आणले, तरी मधला हिरवा-पिवळा किंचित अलीकडे एकवटतो आणि जांभळा बराच पलीकडे जातो; कारण फ्लिंट काच निळ्या टोकाकडील रंगांना क्राउनपेक्षा प्रमाणाबाहेर फाकवते. हा उरलेला फरक नाभीय अंतराच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो. म्हणजे १००० मिलिमीटरमागे अर्धा मिलिमीटर. एकेरी भिंगाच्या १५.६ मिलिमीटरांपुढे हे तीस पटींनी कमी असले, तरी शून्य नव्हे. गुरू, शुक्र किंवा अभिजित यांच्याभोवती दिसणारे जांभळे वलय म्हणजे हीच न मिटलेली बाकी.

हॉलने आपला शोध फारसा प्रसिद्ध केला नाही. पूर्वी रेशीम विणणारे जॉन डॉलंड यांनी मुलगा पीटर याच्या चष्मे-दुर्बिणींच्या दुकानात भागीदारी धरल्यावर स्वतः प्रयोग केले आणि १७५८ मध्ये या जोडभिंगाचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. वडिलांच्या निधनानंतर पीटरने ते पेटंट कडकपणे वापरण्यास सुरुवात केली. तेव्हा लंडनच्या इतर कारागिरांनी एकत्र येऊन १७६४ मध्ये अर्ज केला की हे भिंग हॉलने आधीच बनवले होते. १७६६ च्या खटल्यात मात्र निकाल डॉलंडच्या बाजूने लागला. हॉल पहिला होता, हे नाकारले गेले नाही. परंतु शोध स्वतःपाशी ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत पोचवणाऱ्याचा हक्क मोठा मानला गेला. अधिकाराच्या दृष्टीने या निकालाबद्दल मतभेद असू शकतात. दुर्बिणीच्या दृष्टीने मात्र जोडभिंग बाजारात आले ते डॉलंड यांच्यामुळेच.

पुढची अडचण काच तयार करण्यातली होती. फ्लिंट काच जड असल्याने वितळताना शिसे तळाशी बसे आणि काचेत रेषा पडत. पिएर-लुई गिनां या स्विस कारागिराने वितळलेली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने ढवळण्याची रीत काढली. बव्हेरियात त्याच्यासोबत काम करणाऱ्या योझेफ फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना मापाच्या खुणा मानून प्रत्येक काचेचे मोजमाप नेमके केले. त्याची २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण १८२४ मध्ये दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे बसवण्यात आली. तरीही बाकी राहिलेलीच होती. अमेरिकेतील यर्कीज वेधशाळेची १८९७ मधील दुर्बीण १०२ सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे १९.४ मीटर नाभीय अंतराची. तिच्यात हीच बाकी जवळजवळ एक सेंटिमीटर भरते. याहून मोठ्या भिंगाच्या दुर्बिणी वेधशाळांच्या कामी आल्या नाहीत आणि मोठ्या वेधशाळा आरशांकडे वळल्या. याला भिंगाचे वजन आणि त्याचे वाकणेही कारण होते.

खरा उपाय गणितात नव्हता, भट्टीत होता. ॲबे यांच्या प्रेरणेने ओटो शॉट यांनी येना येथे १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा स्थापन केली आणि बोरॉन, फॉस्फरस, बेरियम अशी द्रव्ये घालून नव्या स्वभावाच्या काचा तयार केल्या. ॲबे यांनी १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइडचा स्फटिक वापरला. फ्लोराइटचा ॲबे अंक सुमारे ९५. त्याचे वैशिष्ट्य केवळ हा मोठा अंक नव्हे. योग्य जोडीदार काच मिळाली तर त्याच्या साहाय्याने महिन्यामहिन्याचा मेळही बराचसा बसतो. तीन रंग एका नाभीत आणणाऱ्या अशा भिंगाला ॲबे यांनी अपोक्रोमॅट हे नाव दिले. मोठे नैसर्गिक स्फटिक दुर्मिळ असल्याने पुढे ते कृत्रिमरीत्या वाढवले जाऊ लागले. आता फ्लुओरीनयुक्त काचाही मिळतात, त्यांनाच बाजारात 'ईडी', म्हणजे अत्यल्प अपस्करणाची काच, असे म्हणतात.

सुज्ञ वाचकांनी नेमके येथे सावध व्हावे. 'ईडी' हे एका काचेचे नाव नव्हे. ओहारा या जपानी कंपनीची एफपीएल-५१ काच आणि होया कंपनीची एफसीडी-१ काच यांचा अंक सुमारे ८१.६, तर ओहाराची एफपीएल-५३ आणि होयाची एफसीडी-१०० यांचा सुमारे ९५. दोन्ही प्रकारच्या दुर्बिणींवर 'ईडी' ही दोनच अक्षरे असू शकतात, किंमत मात्र बरीच वेगळी. 'अपो' या शब्दाचेही तेच. त्याचा उदार वापर रोखणारी कोणतीही यंत्रणा नाही. शिवाय उत्तम काचेला अयोग्य जोडीदार मिळाला, तर ती मध्यम काचेच्या उत्तम जोडीपुढे फिकी पडते.

साधी अवर्णी दुर्बीणही टाकाऊ नव्हे. ८० मिलिमीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी घ्या, एकीचे नाभीय अंतर ४०० आणि दुसरीचे ९०० मिलिमीटर. दुसरीत रंगांची बाकी सव्वादोन पट होते, पण निमुळत्या शंकूमुळे ती खपवून घेण्याची मर्यादा पाच पटींनी वाढते. म्हणून चंद्र, ग्रह पाहण्यासाठी लांब नळीची साधी दुर्बीण आखूड नळीच्या साध्या दुर्बिणीपेक्षा चांगली. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला अधिक आणि जांभळ्याला फारच कमी प्रतिसाद देतो, त्यामुळे नुसत्या पाहण्याला ती पुरते. छायाचित्र घ्यायचे असेल तर कॅमेरा डोळ्याने सोडून दिलेली जांभळी झाकही टिपतो. तेथे ईडी काचेचा खर्च सार्थकी लागतो. फिकट पिवळी गाळणी लावून वलय लपवता येते खरे, पण मग सगळेच चित्र पिवळसर होते. हंस तारकासमूहातील अल्बिरिओ ही जोडी पाहण्याची मौज तिच्या सोनेरी आणि निळसर रंगांत आहे. तो निळाच उणा झाला तर पाहायचे काय? रंगाचा दोष मुळीच नको आणि अंदाजपत्रक बेताचे असेल, तर आरशाच्या दुर्बिणीचा विचार करावा. आरसा सर्व रंग सारखेच परतवतो. फक्त तो वेळोवेळी जुळवावा लागतो.

पारख करताना आकाशात उंच असलेला तेजस्वी तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणावा आणि नाभीच्या किंचित आत व किंचित बाहेर न्यावा. साध्या जोडीत एका बाजूला जांभळट, दुसऱ्या बाजूला हिरवट कड दिसते. उत्तम जोडीत ती जवळजवळ दिसत नाही. क्षितिजालगतच्या ताऱ्यावर ही पारख करू नये, कारण तेथे वातावरणच रंग फाकवते आणि दोष विनाकारण काचेच्या माथी येतो. दुर्बीण सूर्याकडे मात्र भिंगापुढे योग्य सौरगाळणी लावल्याखेरीज कधीही रोखू नये.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: भिंगातील काच नेमकी कोणत्या नावाची व क्रमांकाची, तिची जोडीदार काच कोणती, आणि रात्री पारख करून पटली नाही तर दुर्बीण परत घेणार काय. काचेचे नाव सांगता येत नसेल, तर खोक्यावर कोणतीही अक्षरे छापलेली असोत, साध्या अवर्णी दुर्बिणीइतकीच किंमत द्यावी.