यंत्र थंड, खोली गरम

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की अनेक घरांत एक मागणी पुढे येते. गेमिंगसाठी नवा संगणक हवा असतो, आणि तोही तयार नको असतो. सुटे भाग निवडायचे, लॅमिंग्टन रोडवरून आणायचे किंवा ऑनलाइन मागवायचे आणि घरी बसून स्वतः जोडायचे. अलीकडे या यादीत काचेच्या कॅबिनेटमधून फिरणाऱ्या रंगीत पाण्याचीही भर पडली आहे. प्रोसेसर पाण्याने थंड ठेवायचा आणि मग कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचे. या दुसऱ्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

मुलांच्या डोळ्यांचे, मानेचे आणि अभ्यासाचे काय होईल, हे पालक विचारतातच. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. डॉक्टर म्हणून मला दुसराच प्रश्न पडतो. त्या पाण्याने प्रोसेसरवरून उचललेली उष्णता शेवटी जाते कुठे?

ही रचना समजायला सोपी आहे, कारण आपण प्रत्येक जण तशीच एक अंगात घेऊन फिरतो. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवलेला असतो. त्यातून पाणी वाहते, गरम होते, पंप ते रेडिएटरकडे ढकलतो, तिथे पंख्यांच्या वाऱ्याने ते थोडे निवते आणि परत येते. आपल्या शरीरात पंपाच्या जागी हृदय, पाण्याच्या जागी रक्त आणि रेडिएटरच्या जागी त्वचा आहे. ताप उतरताना रुग्णाची त्वचा लाल, गरम आणि घामेजलेली होते, तेव्हा हेच चाललेले असते. मात्र दोन्हीकडे उष्णता नाहीशी होत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकली जाते. संगणकाच्या बाबतीत ही दुसरी जागा म्हणजे तुमच्या घरातली खोली.

आता थोडे आकडे पाहू. इंटेलच्या कोअर आय ९-१४९००के या प्रोसेसरची कमाल वीज कंपनीनेच २५३ वॅट दिली आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची ४५० वॅट आहे आणि त्यानंतर आलेल्या ५०९० ची ५७५. खेळताना दोन्ही भाग एकाच वेळी टोकाला जात नाहीत, तरी मॉनिटर धरून असा संगणक ५०० ते ६०० वॅट सहज खातो. यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाच-सहा माणसे येऊन बसली आहेत, दार बंद आहे आणि ती रात्री दोनपर्यंत उठणार नाहीत, असे समजा.

‘पण वॉटर कूलिंग आहे ना,’ असे मुले म्हणतात. वॉटर कूलिंगने प्रोसेसर थंड राहतो, पंख्यांचा आवाज बहुधा कमी होतो, हे खरे आहे. खोलीला मात्र त्याचा काहीही उपयोग नाही. मोठ्या संस्था द्रवाने यंत्रे थंड करतात तेव्हा उष्णता इमारतीबाहेर नेण्याची व्यवस्थाही करतात. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाचे सर्किट एका द्रवात बुडवलेले होते आणि तो द्रव थंड करायला वेगळ्या गार पाण्याची सोय होती. घरातल्या संगणकाला ही शेवटची पायरी नसते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवलेला असतो आणि त्याचा गरम वारा समोर बसलेल्या मुलाच्या तोंडावरून पंख्याकडे जातो.

यात खरी मेख वेगळीच आहे. या खोलीत यंत्रापेक्षा माणूस नाजूक आहे. त्या प्रोसेसरला १०० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. त्यापलीकडे जाऊ लागला तर तो स्वतःच वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बंद पडतो. खोलीचे तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेले तर चिपही साधारण दहा अंशांनीच वर जाते. ८० च्या जागी ९०. यंत्राची काही तक्रार नसते. माणसाचा हिशोब फार काटेकोर आहे. आतले तापमान ३७ च्या आसपास, उन्हाळ्यात त्वचेचे ३५ च्या आसपास. खोली ३५ च्या वर गेली की आपला रेडिएटर उलटा चालू लागतो, म्हणजे हवाच अंगाला उष्णता देते. मग हाताशी उरतो तो फक्त घाम. आतले तापमान ४० च्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला आम्ही उष्माघात म्हणतो. ३७ ते ४० हे अंतर फक्त तीन अंशांचे आहे.

घाम कामी येतो तो सुकला तरच. एक लिटर घाम सुकताना जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ६०० वॅटचा संगणक एका तासात खोलीत टाकतो ती उष्णता म्हणजे जवळजवळ ९०० मिलिलिटर घाम सुकण्याइतकी. अकोला-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम सुकतो, पण पाणी झपाट्याने कमी होते. मुंबई-कोकणात तो अंगावर तसाच राहतो. पंख्यावरही फार विसंबू नये. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग तापवू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विदर्भ-मराठवाड्यातल्या डेझर्ट कूलरला खिडकी उघडी लागते. गेमिंगची खोली मात्र आवाजासाठी आणि स्क्रीनवरच्या उजेडासाठी बंदच असते.

गेम खेळून उष्माघात झालेली मुले रांगेने येतात, असे मी म्हणत नाही. येतात ती डोके दुखते, झोप लागत नाही, लघवी जळजळते अशा तक्रारी घेऊन. खेळ मध्येच सोडून उठायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणे ही या वयातली नेहमीची सवय आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुतखड्याच्या कळांनी कळवळत येणाऱ्या तरुणांना ‘दिवसात पाणी किती पिता’ असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा गप्प राहण्याचेच असते.

मला जास्त काळजी वाटते ती त्याच खोलीत झोपणाऱ्या आजोबांची. महागडा संगणक आणि लहान घर या दोन गोष्टी आपल्याकडे आनंदाने एकत्र नांदतात. हप्त्यांची सोय आहे. दोन खोल्यांच्या घरात संगणक बाहेरच्या खोलीत असतो आणि म्हाताऱ्या माणसाची कॉटही तिथेच. वयाने तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी घटते. हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी असेल तर उष्णता बाहेर टाकण्यासाठी लागणारा हृदयाचा जादा जोर मिळत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री खोली निवली की उसंत मिळते. ती रात्रच संगणकाने गरम ठेवली तर सकाळी आजोबा ‘जरा सुस्त’ दिसतात आणि घरच्यांना ते वय वाटते. (या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

म्हणून मार्च ते जून या काळात घरी ओव्हरक्लॉकिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यामागचे गणित औषधाच्या डोससारखे आहे. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवायला व्होल्टेज दहा टक्के वाढवावे लागले, तर वीज सुमारे ३३ टक्के वाढते आणि तितकीच उष्णताही. खेळात मिळणारा फायदा दहा टक्क्यांपेक्षाही कमीच असतो, कारण बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. शिवाय आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच पार ताणून येतात. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे अनेक प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हे कारण कंपनीनेच सांगितले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. औषधाचा डोस वाढवून गुण तेवढाच राहत असेल आणि दुष्परिणाम तिसऱ्या हिश्शाने वाढत असतील, तर कोणताही डॉक्टर तो डोस देणार नाही. द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या वर नेणारे विक्रमवीर आहेत. त्यांचे व्हिडिओ पाहावेत आणि तिथेच थांबावे. बंद खोलीत तो वायू ऑक्सिजनची जागा घेतो.

मुलांना उलट दिशेचा खेळ सुचवावा. त्यालाही कौशल्य लागते. व्होल्टेज थोडे कमी करून तोच वेग टिकतो का पाहणे, ग्राफिक्स कार्डाच्या विजेवर मर्यादा घालणे, मॉनिटर दाखवू शकतो त्यापेक्षा जास्त फ्रेम तयार होऊ न देणे. विजेची मर्यादा २० टक्क्यांनी खाली आणली तरी खेळ २० टक्क्यांनी मंदावत नाही. गरम वारा टाकणारी बाजू खिडकीकडे करावी. आणि भिंतीवर तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र लावावे. काही शे रुपयांत मिळते. स्क्रीनच्या कोपऱ्यात चिपचे तापमान अंशाअंशाने पाहणाऱ्या मुलाला खोलीचे तापमान विचारा, सांगता येत नाही.

संगणक स्वतः जोडण्याला माझा विरोध नाही. सोळा वर्षांचे मूल त्यातून उष्णता, दाब आणि वीज जेवढी शिकते तेवढी पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. नळ्या जोडल्यावर बाकी भागांची वीज बंद ठेवून नुसता पंप दिवसभर चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि तो कोरडा राहतो का पाहायचे, ही शिस्त आमच्या काही वॉर्डांतही यावी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग तुटलेले आहे. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यावे, पाण्याचे काम नंतर.

राहिली कूलंटची बाटली. सरकारी रुग्णालयात काम केलेल्या जवळपास प्रत्येक डॉक्टरने शीतपेयाच्या बाटलीतले रॉकेल प्यालेले मूल पाहिलेले असते. हे कूलंट तर गुलाबी, हिरवे, सरबतासारखे दिसते. काहींत प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, ते तुलनेने कमी विषारी. काहींत इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते चवीला गोड लागते. शुद्ध स्वरूपात प्रौढ माणसाला १०० मिलिलिटरच्या आसपास आणि दहा किलोच्या बाळाला १५ मिलिलिटरच्या आसपास ते प्राणघातक ठरू शकते. याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा बळी घेतला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला होता.

इथिलीन ग्लायकॉल प्यालेले मूल सुरुवातीला दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देते, मग थोडे बरे वाटू शकते आणि लोक निश्चिंत होतात. याच वेळात शरीरात त्याची आम्ले तयार होतात आणि मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक साचू लागतात. दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊ शकते. लवकर आणले तर उतारा देता येतो, गरज पडली तर डायलिसिसही करता येते. त्यामुळे लेबलवर ‘इथिलीन’ असेल तर ते विकत घेऊ नये. उरलेले कूलंट मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये. कुणी प्यायले असे वाटले तर उलटी करायला लावू नका, लक्षणांची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात या. येताना बाटली सोबत आणा, लेबल असलेली.